प्लॉटवरच्या गवतासाठी ग्रास कटर: कोणता घ्यावा, दोरा का तुटतो, मशीन दम का टाकते

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला बायपासजवळ ५,००० चौरस फुटांचा प्लॉट, त्यातल्या १,५०० चौरस फुटांत घर. उरलेल्या जागेत काळी माती आणि मधूनमधून भरावाचा मुरूम. जुलैत गवत गुडघ्याला लागतं, ऑगस्टअखेर कमरेपर्यंत जातं. घरात टू-स्ट्रोकची जुनी मशीन आहे. तिचा दोरा (गवत कापणारी नायलॉनची दोरी) पाच-पाच मिनिटांनी तुटतो आणि दहा मिनिटांत ती बंद पडते. इंदूरच्या सियागंज बाजारात नवी ५२ सीसीची मशीन सुचवली जाते आहे. घ्यावी का?

आधी गवताकडे पाहा, मशीनकडे नंतर. तुमच्या प्लॉटवर बहुधा हरळी आणि लव्हाळा (इकडे दूब आणि मोथा) असणार, कडेने टाकळा, आघाडा आणि गाजरगवत. हरळी-लव्हाळ्याला २ मिमीचा दोराही पुरतो. टाकळा आणि आघाडा जुलैत कोवळे असतात, दोऱ्याने सहज कापले जातात. तेच सप्टेंबरात काष्ठासारखे होतात आणि मग दोरा त्यांच्यावर आपटून झिजतो, कापत नाही. म्हणजे किती सीसी लागणार हे प्लॉटच्या मापापेक्षा तुम्ही कापणी कधी करता यावर ठरतं. जुलैच्या मध्यापासून दर १५ ते २० दिवसांनी कापणाऱ्याला २५ सीसी पुरतात. दसरा-दिवाळीच्या तोंडावर एकदाच कापणाऱ्याला ५२ सीसीही कमी पडतात, आणि त्याचा खांदा आधी दुखतो.

तुमच्या ३,५०० फूट मोकळ्या जागेसाठी आमचं मत स्पष्ट आहे: २५ ते ३५ सीसीची, सरळ दांड्याची फोर-स्ट्रोक मशीन. तिच्यात पेट्रोल साधं पडतं, ऑइल वेगळं असतं, धूर आणि आवाज कमी. वजन साधारण ६ ते ७ किलो. ५२ सीसीची टू-स्ट्रोक रिकाम्या टाकीनेही ८ किलोच्या आसपास जाते, आणि तासभर डावी-उजवी झुलवताना हा फरक नीट कळतो. शेताचे बांध, घाणेरीची झुडपं, एकरभर पडीक जमीन असं काम असेल तर ५२ सीसी योग्य. घराभोवतीच्या जागेला नाही.

बॅटरीची मशीन हवी असेल तर व्होल्ट पाहून भुलू नका, वॉट-तास मोजा. १८ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॉट-तास. ओल्या दाट गवतात मशीन ३०० वॉट ओढत असेल तर बॅटरी १५ मिनिटांत संपली. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी १८० वॉट-तास देते, पण तशी मोठी मशीन ओढतेही जास्त, म्हणून वेळ २० मिनिटांच्या आसपासच राहतो. तुमच्या जागेला असल्या दोन बॅटऱ्या लागतील. वायरवर चालणारी हलकी मशीन हजार-बाराशे फुटांच्या अंगणाला उत्तम, पण पावसाळ्यात ओल्या गवतावर वायर ओढत नेण्याचं काम आहे: ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच) असल्याशिवाय ती वापरूच नका, आणि एक्स्टेंशनची गुंडाळी पूर्ण उलगडून घ्या; गुंडाळलेली वायर भाराखाली तापते.

दुकानात ५२ सीसी म्हणून दाखवलेली मशीन खरोखर ५२ची आहे का, हे इंजिनावरच्या क्रमांकावरून कळतं. टू-स्ट्रोक चिनी इंजिनावर १ई४०एफ असं असेल तर सिलिंडरचा व्यास ४० मिमी, म्हणजे ४३ सीसीच्या आत. १ई४४एफ असेल तर ४४ मिमी, म्हणजे जवळपास ५२. स्टिकरवर काहीही छापता येतं, त्यामुळे ओतीव किंवा ठोकलेला क्रमांक पाहा. दांडा सरळ आणि आत सळईचा शाफ्ट असलेलाच घ्या. वाकड्या दांड्यात लवचिक केबल असते आणि तिला लोखंडी पातं चालत नाही. शेवटी दुकानदाराला विचारा: कार्बोरेटरचा डायफ्राम किट, स्टार्टरची दोरी, क्लचचे शू आणि टॅप अँड गो हेड (दांड्याच्या टोकाचा, जमिनीवर टेकवून दाबला की दोरा बाहेर सोडणारा भाग) सुटे मिळतात का? ‘मागवून देऊ’ असं उत्तर आलं तर ऐन ऑगस्टात मशीन पडून राहील असं समजा.

आता जुनी मशीन, कारण ती दुरुस्त होण्याची शक्यता बरीच आहे. दोरा तुटणं आणि इंजिन बंद पडणं या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, पण दोन्हींचं मूळ पुष्कळदा एकच असतं: मशीनवर नको तितकं ओझं. पहिल्यांदा गार्ड पाहा. गार्डच्या कडेला एक छोटं पातं असतं, ते जास्तीचा दोरा आपोआप कापून टाकतं. ‘अडचण होते’ म्हणून गार्ड काढून टाकण्याची सवय इकडे फार आहे. गार्ड गेला की दोरा १५ सेंटिमीटरऐवजी २५-३० सेंटिमीटर बाहेर राहतो, त्याला फिरवायला इंजिनाला कितीतरी जास्त जोर लागतो, वेग पडतो, क्लच घसरून तापतो आणि दोरा नीट ताठ न राहिल्यामुळे कापण्याऐवजी गवताला गुंडाळतो. मुरमाचा खडा पायाऐवजी तोंडावर येतो ते वेगळंच. गार्ड नसेल तर आधी तो आणा. बाकीची तपासणी त्यानंतर.

दोऱ्याची जाडी ‘जितका जाड तितका टिकाऊ’ या हिशोबाने घेऊ नका. २५ सीसीला २.४ मिमी, ३५ला २.४ ते २.७, ५२ला ३ मिमी. बॅटरीच्या लहान मशीनला १.६ किंवा २. यापेक्षा जाड दोरा हवेतच इतका रोध निर्माण करतो की इंजिन पूर्ण वेग पकडत नाही. चौकोनी किंवा ताऱ्याच्या आकाराचा दोरा कापतो स्वच्छ; कंपाउंडच्या भिंतीशी, जाळीशी मात्र गोल दोरा जास्त टिकतो. तुमच्याकडे भिंत आणि मुरूम दोन्ही आहेत, म्हणून गोल घ्या. दोऱ्याच्या जागी बाइंडिंगची तार किंवा क्लचची केबल लावलेली मशीन कुणी दिली तर हात लावू नका. तारेचा तुकडा सुटला की तो गोळीसारखा जातो आणि गार्ड त्याला अडवू शकत नाही.

दोरा ठिसूळ होण्याचं एक कारण आपल्या हवेत आहे. नायलॉन हवेतली ओल शोषून घेतं आणि त्या ओलीमुळेच लवचिक राहतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात गच्चीवरच्या खोलीत पडलेलं रीळ वाळून कडक होतं, आणि जुलैत लावलं की काचेसारखं तुटतं. उपाय सोपा आहे: लागणारा दोरा कापून २४ तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, पुसा, मग गुंडाळा. उरलेलं रीळ उन्हापासून दूर, बंद डब्यात ठेवा.

गुंडाळताना होणाऱ्या चुकीमुळे दोरा आतल्या आत चिकटतो. साधारण ५ मीटर घ्या (हेडवर माप दिलं असेल तर तेच धरा), मधोमध दुमडा, दुमड बॉबिनच्या (हेडमधल्या रिळाच्या) मधल्या पडद्यातल्या खाचेत अडकवा. दोन्ही पदर वेगवेगळ्या कप्प्यांत, बॉबिनवरच्या बाणाच्या दिशेने, ताणून आणि शेजारी-शेजारी गुंडाळा. एकावर एक आडवा पदर गेला की चालू मशीनच्या थरथरीने ते घासतात, तापतात आणि जागीच वितळून जुळतात. मग कितीही टॅप करा, दोरा बाहेर येत नाही. बॉबिन काठोकाठ भरू नका. शेवटचे १५ सेंटिमीटर खाचांत अडकवून टोकं छिद्रांतून बाहेर काढा, झाकण बसवा आणि दोन्ही टोकांना एकदम झटका द्या म्हणजे ती खाचेतून सुटतील.

छिद्रांत बसवलेल्या धातूच्या कड्या बोटाने चाचपून पाहा. झिजून धार आली असेल तर दोरा तिथेच, हेडच्या अगदी तोंडाशी तुटत राहतो. पाच मिनिटांनी तुटणाऱ्या दोऱ्यामागे हे कारण पुष्कळदा सापडतं. कड्या स्वस्त आहेत. त्या मिळत नसतील तर पूर्ण हेड बदला. हेड काढताना लक्षात ठेवा की सरळ दांड्याच्या बहुतेक मशीनांत उलटे आटे असतात: घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. गिअर बॉक्सच्या आणि वॉशरच्या भोकांची रेषा जुळवून त्यात ॲलन की घाला, शाफ्ट अडकेल, मग हेड फिरवा. जोर लावून उलट दिशेला फिरवलं तर आटेच जातात.

टॅप करताना थ्रॉटल पूर्ण दाबलेलं हवं आणि बाहेर निदान ८-१० सेंटिमीटर दोरा शिल्लक हवा, कारण दोऱ्याला बाहेर ओढतो तो फिरण्याचा जोर. काळ्या मातीत इथेच घोटाळा होतो. चिखलात टॅप केलं की बटण आत दाबलं न जाता हेडच चिखलात रुततं, आणि माती आत शिरून बटण अडकतं. पाऊस थांबल्यावर दोन दिवस वाफसा येऊ द्या आणि टॅप कडक जागेवर करा. काम संपलं की गार्डखालची आणि हेडवरची माती ओली असतानाच काढा. तीच वाळून एका बाजूला घट्ट बसली तर हेडचा तोल जातो, दांडा थरथरतो, आणि ती थरथर बेअरिंग व शाफ्टचे बुश खाते.

दहा मिनिटांत बंद पडण्याकडे वळू. मशीन बंद पडली त्याच क्षणी पेट्रोलच्या टाकीचं झाकण हळूच सैल करा. ‘फुस्स’ असा हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि मशीन लगेच पुन्हा सुरू झाली, तर हवेची वाट बुजली आहे. पेट्रोल कमी होत जातं तशी टाकीत हवा शिरली पाहिजे. काळ्या मातीच्या बारीक धुळीने झाकणातला छोटा रबरी व्हॉल्व्ह बुजला की टाकीत निर्वात होतो आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. झाकण पेट्रोलमध्ये धुवा, मऊ ब्रशने साफ करा. सुई घालू नका. व्हॉल्व्ह फाटला की मशीन आडवी करताच पेट्रोल गळतं.

आवाज आला नाही तर पुढची पायरी टाकीतला फिल्टर. वाकवलेल्या तारेच्या हुकाने तो टाकीच्या तोंडातून बाहेर ओढता येतो. काळा पडला असेल तर धुण्यापेक्षा बदला. मग सायलेन्सरच्या तोंडाची जाळी: टू-स्ट्रोकमध्ये ती कार्बनने बुजते, आणि मशीन सुरू होते पण थ्रॉटल दिलं की गुदमरते. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासा. त्यानंतर सिलिंडरच्या पंखांमधलं वाळलेलं गवत; कव्हर काढल्याशिवाय ते दिसतच नाही आणि इंजिन तापवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. एवढं करूनही गरम झाल्यावरच बंद पडत असेल आणि वीस मिनिटं थंड झाल्यावर पुन्हा चालत असेल तर इग्निशन कॉइल संशयित. गरम असताना प्लग काढून सिलिंडरच्या धातूला टेकवा, प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून दूर, आणि दोरी ओढा, ठिणगी नसेल किंवा पिवळट, मरतुकडी असेल तर आधी नवा प्लग लावून पाहा (फट ०.६ ते ०.७ मिमी), मग कॉइल.

पेट्रोलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पूर्वीच्या सवयी आता चालत नाहीत. आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. अशा लहान इंजिनांच्या अनेक पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या, प्रायमरचा फुगा (सुरू करण्याआधी दाबून पेट्रोल ओढायचा) आणि कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) फुगवतं किंवा कडक करतं. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं. पुरेसं पाणी साचलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि टाकीतला फिल्टर तळाशीच असतो. त्या थरात टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) विरघळत नाही. म्हणजे इंजिनात जातं ते ऑइल नसलेलं इंधन, आणि पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो. म्हणून पावसाळ्यात मिश्रण अर्धा-एक लिटरच करा, महिन्याच्या आत संपवा, आणि शंका आली तर काचेच्या बाटलीत ओतून पाहा: दोन थर दिसले तर फेकायचं आहे, वापरायचं नाही.

मिश्रणाचं प्रमाण पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर असतं. ५०:१ म्हणजे लिटरमागे २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. काहीच लिहिलेलं सापडलं नाही तर ४० मिली धरा. धूर थोडा जास्त होईल, प्लग लवकर काळा पडेल, पण पिस्टन वाचेल. ऑइल टू-टीचंच, जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं. मोटारसायकलचं २०डब्ल्यू४० त्यात घालू नका, ते स्वच्छ जळत नाही. मापायला औषधाचं झाकण किंवा सिरिंज वापरा. ‘अंदाजे दोन झाकणं’ हा प्रकार इंजिन घालवतो.

फोर-स्ट्रोक घेतली तर हा त्रास नाही, पण वेगळी शिस्त लागते. होंडाच्या जीएक्स ३५ इंजिनात (३५.८ सीसी) ऑइल मावतं फक्त १०० मिली, जीएक्स २५मध्ये ८० मिली. इतकं थोडं ऑइल असताना २० मिली कमी होणंही मोठी गोष्ट आहे, म्हणून दर वेळी सुरू करण्याआधी काठोकाठ आहे ना ते पाहा. पहिला बदल १० तासांनी, पुढे दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, १०डब्ल्यू३० चालतं. गाडीतून नेताना किंवा भिंतीला टेकवून ठेवताना इंजिन उलटं राहू देऊ नका, ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरू शकतं.

एअर फिल्टरचा फोम साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, पिळू नका, दाबून पाणी काढा, सावलीत वाळवा. ऑक्टोबरात कोरडी धूळ उडू लागली की प्रत्येक कापणीनंतर. गिअर बॉक्सच्या बाजूचा स्क्रू काढून दर २५ तासांनी थोडं लिथियम ग्रीस भरा, तीन-चतुर्थांशपर्यंतच. ठासून भरलं तर ते तापून सीलमधून बाहेर येतं. थ्रॉटल सोडल्यावरही हेड फिरत असेल तर आयडलचा (थ्रॉटल न दाबता चालण्याच्या वेगाचा) स्क्रू थोडा सैल करा. तरी थांबलं नाही तर क्लचची स्प्रिंग तुटली आहे, आणि ती बदलेपर्यंत मशीन वापरायची नाही. उलट, इंजिन जोरात ओरडतं पण हेड फिरत नाही तेव्हा क्लचचे शू किंवा शाफ्टच्या टोकाच्या खाचा गेलेल्या असतात.

कापताना थ्रॉटल पूर्ण, आणि फक्त दोऱ्याचं टोक गवतात. सरळ दांड्याचं हेड वरून पाहिलं तर बहुतेक वेळा घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणून उजवीकडून डावीकडे झुलवताना कापायचं, परतताना नाही. हेड डावीकडे किंचित कललेलं ठेवलं तर कापलेलं गवत डाव्या बाजूला ओळीने पडतं आणि गोळा करणं सोपं जातं. कमरेएवढं वाढलेलं गवत एका फटक्यात बुडातून कापू नका, शाफ्टला गुंडाळेल. आधी वरचा अर्धा भाग, मग खालचा. वाळलेल्या टाकळ्यासाठी तीन दातांचं पातं लावायचं असेल तर त्याच्या मापाचा गार्ड लावा आणि पात्याचा पुढचा-उजवा भाग खोडाला लागू देऊ नका. तिथून मशीन झटक्यात मागे फेकली जाते. मुरमावर आणि भिंतीशी पातं नकोच.

गाजरगवताला मशीन लावू नका ही आमची आग्रहाची विनंती आहे. दोरा त्याचा रस आणि परागकण अंगावर उडवतो. त्याने त्वचेला खाज, पुरळ आणि दम्याचा त्रास होतो. शिवाय बुडखा राहिला की तिथून चार फुटवे निघतात. पाऊस पडून माती मऊ असताना, फुलं येण्याआधी, हातमोजे घालून मुळासकट उपटा. जबलपूरचं खरपतवार (तण) अनुसंधान निदेशालय दरवर्षी ऑगस्टात गाजरगवत जागरूकता सप्ताह पाळतं. तो महिना इकडच्या जमिनीलाही बरोबर बसतो.

गॉगल, गमबूट आणि जाड पँट हवीच. १५ मीटरच्या आत कुणी माणूस, मूल किंवा उभी गाडी नको. नव्या लावलेल्या आंब्या-कडुनिंबाच्या बुंध्याभोवती हातभर जागा खुरप्याने साफ ठेवा आणि बुंध्याला पीव्हीसी पाइपचा उभा चिरलेला तुकडा घाला. दोरा सालीभोवती एकदा फिरला तरी अन्नरस वाहणारा थर कापला जातो आणि रोप वाळू शकतं.

ऑक्टोबरात शेवटची कापणी झाली की टाकी रिकामी करा, प्रायमरचा फुगा दाबून उरलेलं पेट्रोलही काढा, मग मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. प्लग काढून भोकात ५ मिली स्वच्छ ऑइल (टू-स्ट्रोकला टू-टी), दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग परत बसवा. जूनमध्ये पुन्हा काढताना प्लग पुसून लावा, ताजं पेट्रोल भरा आणि दोरा आदल्या दिवशीच बादलीत टाका.